अंदाजाची टिकली

कोणीच काही बोलत नव्हते. अत्तर लावणारा एक हात दुसऱ्या मनगटावर तसाच टेकून राहिला होता. शेजारच्या निंबाळकर वहिनी तिळगुळाची वडी तोंडापाशी नेऊन थांबल्या होत्या, आणि दाराशी उभ्या असलेल्या उल्काच्या हातातले ताट किंचित कलले होते. शरयूला हे सारे दिसत होते. दीर्घ अंधारानंतर परत आलेली नजर अजून अंगवळणी पडली नव्हती. त्या क्षणी तिच्या मनात आले ते एवढेच, की शांततेलाही चेहरे असतात. अंधाराच्या वर्षांत तिने शांतता नुसती ऐकली होती.

आपण काय वावगे बोललो, ते तिला उमगेना. नणंदेकडे पाहून ती मनापासून म्हणाली होती, "बरं केलंत, वन्सं, टिकली पुन्हा लावायला लागलात ते. शोभतेय तुम्हाला."

उल्काने ताट टेबलावर ठेवले.

"वहिनी, काही नाहीये तिथं," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता, दुखावलेलाही नव्हता. पत्ता चुकलेल्या माणसाला सांगावे तसा होता.

मग कोणीतरी नातवंडांच्या परीक्षांचा विषय काढला आणि साऱ्या बायका त्या विषयाच्या आडोशाला धावल्या. संक्रांतीचे हळदीकुंकू पार पडले. उल्का शेवटपर्यंत थांबली, रिकाम्या कपबशा तिनेच आत नेल्या. मात्र त्यानंतर तिचे येणे थांबले.

उल्का ही शरयूच्या नवऱ्याची, मंदारची, धाकटी बहीण. लग्नात थट्टेने सुरू झालेले 'वन्सं' आणि त्यासोबतचे 'तुम्ही' पुढे शरयूच्या तोंडी तसेच राहिले. उल्का तिला 'वहिनी' म्हणे आणि बिनदिक्कत 'तू' करी. शरयूच्या डोळ्यांतला प्रकाश लहानपणच्या रातांधळेपणापासून थोडा थोडा ओसरत गेला आणि पन्नाशीच्या आत पुरता आटला. तेव्हा मंदार कामावर असे, पण उल्का रोज दुपारी येई. सांगलीच्या वेशीबाहेर तिची मोटार शिकवणीची शाळा होती. गाड्या आता आपल्या आपण चालत, तरी घाटात आणि पुराच्या पाण्यात माणसाचा हात लागे. म्हणून हात विसरलेल्यांना ती पुन्हा स्टिअरिंग धरायला शिकवी. दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात येऊन ती वर्तमानपत्र वाची, बातमीपेक्षा आपली टिप्पणी लांब करी, आणि गल्लीतून कोण कसल्या रंगाचे काय नेसून गेले याचे असे वर्णन करी की शरयूला गल्ली दिसू लागे. एकदा तर तिने शरयूला मैदानात नेऊन गाडी चालवायला लावली होती. डोळस लोक तरी कुठे बघून चालवतात, असे तिचे म्हणणे.

उल्काचा नवरा शैलेश गेला तो याच अंधाराच्या काळात. त्यामुळे उल्काचे टिकली नसलेले कपाळ शरयूने कधी पाहिलेच नव्हते. तिने टिकली लावणे सोडल्याचे मात्र कानावर आले होते. म्हणूनच संक्रांतीच्या दिवशी, नजर आल्यावरच्या पहिल्याच भेटीत, भुवयांच्या मधोमध, तो छोटा गडद ठिपका पाहून तिला भरून आले होते.

आणि आता ती दुपार रिकामी पडली होती. ज्या नजरेसाठी एवढा आटापिटा केला, तिनेच आपल्या हक्काच्या माणसाला दाराबाहेर काढले, ही बोच शरयूला स्वस्थ बसू देईना.

मंदार तिला मिरजेला दृष्टिकेंद्रात घेऊन गेला.

तिच्या दृष्टिपटलावर आता तांदळाच्या कणीहून पातळ अशी एक चकती बसवलेली होती. चष्म्याच्या काड्यांत कॅमेरे होते, आणि कमरेच्या बटव्यात, पानाच्या डबीएवढे, एक ग्राफिक्स कार्ड. तरुणपणी मंदार संगणकावर मोटारींच्या शर्यती खेळे तेव्हा चित्रे रंगवणारे जे यंत्र असे, त्याचेच हे नातवंड. काम तेच: दर क्षणाला एक चित्र घडवायचे. फरक इतकाच की ते पडद्यावर न उमटता, विजेच्या बारीक स्पंदनांच्या रूपाने, थेट नसेच्या हवाली होई.

हे कार्ड दोन प्रकारांत मिळे. एक बजेट, एक प्रीमियम. घरात सगळ्यांनी बजेटच घ्या म्हटले होते. पैशांचा प्रश्न नव्हता. ते हलके होते, तापत नसे आणि सकाळी चार्ज केले की निजेपर्यंत पुरे. केंद्रातली तंत्रज्ञ जुईली पाटणे हिने तेव्हाही दोन्हींतला भेद सांगितला होता, पण नजर मिळण्याच्या उतावळीत तो कोणी नीट ऐकला नव्हता. आज तिने तो पुन्हा, सावकाश सांगितला.

समोरच्या दृश्यातला प्रत्येक बिंदू मोजायचा म्हणजे प्रचंड गणित. प्रीमियम कार्ड ते सारे गणित करते, म्हणून तापते आणि लवकर थकते. बजेट कार्ड थोडेच बिंदू मोजते. मधल्या जागा ते सवयीने भरते. आपण घाईत ओळ वाचताना अर्धा शब्द पाहतो आणि उरलेला मनानेच पुरा करतो, तसे. भिंत असली की पुढेही भिंतच असणार, पदर असला की त्याला काठ असणार. हा अंदाज बहुधा इतका अचूक उतरतो की पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही. आणि घरच्या माणसांचे चेहरे चटकन, स्वच्छ दिसावेत म्हणून सुरुवातीलाच घरचा फोटोंचा अल्बम कार्डात भरलेला असतो.

"म्हणजे काकू, त्याला खोटं बोलायचं नव्हतं," जुईली म्हणाली. "उल्काआत्यांचं कपाळ मोजायला त्याच्यापाशी सवड नव्हती. अल्बममध्ये त्या जागी टिकली होती. त्यानं ती लावून टाकली."

तिने उल्काचे सगळे फोटो पडद्यावर आणले. बारसे, सहली, मावसभावाचे लग्न. शेवटच्या फोटोत उल्का मान वळवून हसत होती आणि चौकटीच्या कडेला शैलेशचा अर्धा खांदा होता. त्यानंतर काहीच नव्हते. जुईलीने सहज विचारले, नंतरचे फोटो भरायचे राहिले का?

"ती काढू देत नाही," मंदार म्हणाला. मग, स्वतःशीच बोलावे तसा, म्हणाला, "आम्हीही कधी काढू का म्हटलं नाही."

कार्ड चुकले नव्हते. घरानेच त्याला थांबलेला काळ हातात दिला होता. फोटो सुखाचे काढतात. दुःख घरात आले की कॅमेरा आपोआप कपाटात जातो, आणि अल्बम त्या उंबऱ्याशी अडून राहतो. त्यापलीकडे माणूस जगत असतो, त्याचा चेहरा पिकत असतो. पण त्याची कोणी नोंद घेत नाही.

जुईलीने प्रीमियम कार्ड बटव्यात बसवले. चित्र विझले, काही क्षण शरयू पुन्हा आपल्या जुन्या अंधारात उभी राहिली आणि मग जग आले. ते अंगावर आले म्हणायला हवे. टेबलाच्या कडेला उडालेला टवका. जुईलीच्या बाहीवर वाळलेला चहाचा डाग. खिडकीतून तिरक्या आलेल्या उन्हात तरंगणारी धूळ, जिचा एकही कण दुसऱ्यासारखा नव्हता. स्वतःचे हात तिने उलटसुलट करून पाहिले. त्यांच्यावरच्या शिरा नदीच्या नकाशासारख्या वर आल्या होत्या. ते तिच्या आईचे हात होते.

मग तिने नवऱ्याकडे पाहिले आणि पाहतच राहिली.

"मंदार, तुझे केस?"

मंदारने टकलावरून हात फिरवला. कार्ड बसवल्या दिवसापासून ती त्याच्या दाट केसांचे कौतुक करते आहे, हे त्याच्या लक्षात आले होते. पण हे सुख कोणाच्याच नुकसानीचे नाही, असा त्याने निवाडा केला होता.

"तू हात फिरवायचीस तेव्हा मी डोकं बाजूला घ्यायचो," तो म्हणाला. जुईलीने हसू लपवायला पाठ फिरवली. शरयू मात्र मोकळी हसली, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तिला हलके वाटले.

निवड मात्र तिलाच करायची होती, आणि ती लवकर करायची होती. प्रत्येक कार्डाची स्पंदनांची लिपी वेगळी असते, जुईलीने बजावले. मेंदू एक लिपी गिरवून पक्की करतो. अधूनमधून बदलत राहिले तर दोन्ही मोडक्यातोडक्या राहतात, डोके दुखते. महिना संपायच्या आत जे ठरेल ते कायमचे. बजेटच हवे असेल तर सोपा उपाय होता: आत्यांचे नवे फोटो भरायचे. पण त्यासाठी आत्यांनी कॅमेऱ्यासमोर बसायला हवे.

मंदारचे मत प्रीमियमकडे होते. केस जाणार, हे कळूनही होते, याचे शरयूला अप्रूप वाटले. पण तिने घरी येताना काहीच ठरवले नाही. दोन्ही कार्डे तिने आपल्यापाशी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जुने कार्ड बटव्यात आणि नवे पर्समध्ये घालून, ती एकटीच रिक्षाने उल्काच्या मैदानावर गेली.

उल्का शिकवणीच्या गाडीत, शिकवणाऱ्याच्या जागी बसून डबा खात होती. शरयूला येताना पाहून तिने डबा मिटला नाही, की हाकही मारली नाही. फक्त पलीकडचे दार आतून उघडले.

"एकटी आलीस?"

"रिक्षानं."

"रिक्षावाल्याला डोकं होतं का? की तेही तुझ्या कार्डानं बसवलं?"

शरयू चालकाच्या जागी बसली. टोमण्याने तिला बरेच वाटले. रागावलेली उल्का टोमणे मारत नसे, ती सभ्य होई. तिने मिरजेत कळलेले सारे सांगितले: मोजलेले बिंदू, भरलेल्या जागा, अल्बम. क्षमा मागायला तिने तोंड उघडले, तशी उल्काने पोळीचा तुकडा तिच्या हातावर ठेवून तो विषय बंद केला. मग म्हणाली की तिला ते पाहायचे आहे. जे शरयूला दिसते, ते.

बटव्यातले चित्र पडद्यावर पाठवता येत असे. गाडीच्या मधोमध, रस्ता दाखवणारा एक पडदा होता. शरयूने जोडणी केली आणि मान वळवून नणंदेकडे पाहिले.

पडद्यावर उल्का उमटली. गालांवरचा उन्हाचा राप थोडा कमी केलेली, डोळ्यांखालच्या सावल्या पुसलेली. आणि भुवयांच्या मध्ये ती, मरून रंगाची, मुगाच्या दाण्याएवढी. उल्काने भुवया उंचावल्या. ठिपका वर गेला. आठ्या घातल्या, तो आठीत दडला. मान तिरपी केली, तर त्याच्यावर उन्हाची कणभर चकाकी आली. बराच वेळ ती स्वतःला असे न्याहाळत राहिली, आणि तिच्याकडे पाहणे शरयूला भाग होते, कारण नजर हलवली असती तर चित्र गेले असते.

"ह्या बारक्या टिकल्या," उल्का म्हणाली, "शैलेशनं आणल्या होत्या. मी मोठ्या सांगितल्या होत्या. भांडले होते मी. मग त्याच लावत राहिले."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक शिकाऊ बाई गाडी मागे घेत होती आणि रोवलेल्या काठ्या एकेक करून पाडत होती. उल्का त्या दिशेला पाहत, तुटक तुटक बोलत गेली.

"मला कुणी सोड म्हटलं नव्हतं गं. सासूबाई स्वतः डबी घेऊन आल्या होत्या. मीच म्हटलं, राहू दे. हात गेला नाही तिथवर, बस. लोक बोलतील म्हणून तयारीत होते. कुणी बोललं नाही. बघायचेच बंद झाले. बोलताना सगळ्यांची नजर माझ्या कानाच्या पाळीवर. दादाचीसुद्धा. त्या दिवशी तू सरळ कपाळाकडे बघितलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरी जाऊन मी आरशासमोर किती वेळ बसले असेन."

"मी बघितलं ते तिथं नव्हतं, वन्सं."

"बघितलंस तर खरं."

मग उल्का एकदम कामाच्या सुरात आली. तिचा सल्ला सरळ होता. बजेटच ठेवावे. तापत नाही, दिवसभर पुरते, दादाचे केसही वाचतात. आणि ती टिकली काढायच्या भानगडीत शरयूने पडू नये. जगात एका माणसाला ती दिसते, तर दिसू दे. लावायचा त्रास नाही, न लावल्याची नजरानजर नाही. फुकटात काम झाले.

ती हे हसत म्हणाली, पण शरयूला त्या हसण्याखालचे मागणे ऐकू आले. अंधाराच्या वर्षांत आवाजाची अस्तरे ओळखायला ती शिकली होती. एक क्षण तिला वाटले, हो म्हणावे. पडद्यावरचा चेहरा सुरेख होता, तिच्या आठवणीशी तंतोतंत जुळणारा होता. दोघींच्या मध्ये राहिलेला तो एक लाडका, निरुपद्रवी अंदाज. त्याच्या आधाराने पुढची सगळी वर्षे सुखाने जाऊ शकली असती. आणि तरीही त्या सुखात उल्काला काहीच करता येणार नव्हते. तिने हसावे, रडावे, चार रंगांच्या टिकल्या बदलाव्यात. कार्ड तीच मरून रंगाची टिकली लावत राहणार. ज्यांनी नजर कानाच्या पाळीवर नेली ते एका तऱ्हेने पाहत नव्हते. हे दुसऱ्या तऱ्हेचे न पाहणे होते, फक्त जास्त गोड.

तिने बटवा उघडला आणि जुने कार्ड काढले.

पडदा काळा झाला. शरयूभोवती अंधार दाटला, आणि त्या अंधारात उल्काचा श्वास, डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास, तापलेल्या सीटचे रेग्झिन, सारे जुन्या सवयीने आपापल्या जागी येऊन बसले. कार्ड खाचेत बसेना. उल्काने काही न विचारता तिचा अंगठा धरून खाचेपाशी नेला.

चित्र आले. कमरेशी कार्ड ऊब धरू लागले.

शरयूने पाहिले, आणि मग, गल्ली जशी तिला इतकी वर्षे सांगितली गेली होती, तसे ती सांगू लागली. उन्हाने रापलेले कपाळ आहे. डावीकडून निघालेली एक रेघ मध्यावर येऊन दुभंगते. उजव्या भुवईत दोन पांढरे केस आहेत, एकमेकांपासून लांब, भांडल्यासारखे. भुवयांच्या मधली जागा मोकळी आहे. कातडी तिथे जराशी उजळ आहे, की तसा भास होतो, ते सांगता येत नाही. कोपऱ्यात घामाचा एक थेंब आहे. हा थेंब कुठल्याच अल्बममध्ये नव्हता.

उल्का हलली नाही. पापण्या तेवढ्या मिटल्या, उघडल्या.

"मी हेच ठेवणार," शरयू म्हणाली.

"म्हणजे कपाळ रिकामं दिसणार रोज."

"तुमचं दिसणार. त्या कार्डाला तुम्ही काही केलंत तरी टिकलीच दिसली असती. उद्या खरंच लावावीशी वाटली, तर मला कळायचं कसं? आणि कधीच नाही वाटली, तर तेही मला दिसायला हवं ना."

उल्काने डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. पलीकडे शेवटची काठी पडली आणि शिकाऊ बाईने ओशाळून हॉर्न वाजवला. शरयूने पर्समधून फोन काढला.

"वन्सं, आता कार्डाला फोटोची गरज उरलेली नाही. अल्बमला आहे. आज काढू या का आपल्या दोघींचा? जशा आहात तशा?"

उल्काने तिच्याकडे पाहिले, सरळ, डोळ्यांत. नंतर तिने दार उघडले, पायाने डबा सीटखाली सरकवला आणि ती गाडीबाहेर पडली. मैदानावरच्या पिवळ्या उन्हातून ती त्या पडलेल्या काठ्यांकडे चालू लागली.

शरयूने हाक मारली नाही. तिला घाई नव्हती. पाठीचे फोटो कोणी काढत नाही, म्हणून जुन्या कार्डाने पाठमोरी माणसे नेहमी ढोबळ रंगवली होती. ही पाठ ती पहिल्यांदा पाहत होती. उजवा खांदा डाव्याहून किंचित खाली. ओढणीचे एक टोक दुसऱ्याहून लांब, वाऱ्यावर उडणारे. पाऊल टाकण्यापूर्वी टाचेला पडणारा क्षणभराचा खंड. त्यातले काहीही तिला आधी ठाऊक नव्हते. कमरेशी ऊब वाढत होती, आणि उल्का, मागे न वळता, चालत होती.